कंप तीन पळ्या

७ डिसेंबर, रविवार. संकष्टी. सकाळी.

कपिला थरथरते. थंड असताना थरथरते, तापल्यावर जास्त थरथरते, आणि सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी घुमते.

आजपासून नोंद ठेवायची. मेकॅनिककडे जायचं नाही. पंचांगाच्या छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, माझ्या नजरेतून एक ग्रहण सुटलं नाही, तिथे एवढंसं इंजिन काय सुटणार? गाडी चालवायला स्वतः शिकलो, एकसष्टाव्या वर्षी, पुस्तकावरून. दुरुस्तही स्वतःच करीन.

मुदत २३ जानेवारी. त्या दिवशी आमची रुची पुण्याहून येतेय, सात महिन्यांच्या ईशानीला घेऊन. रथसप्तमीला इथे बोरनहाण. लेकीची लेक पहिल्यांदा आजोळी येणार, ती बाबतपूरच्या विमानतळावरून आजोबांच्या गाडीतूनच. तसा शब्द दिलाय मी. रुचीला नाही, ईशानीला, फोनवर. ती हसली. म्हणजे ठरलं.

सौ. सीतेचं म्हणणं, एवढ्याशा जिवाला त्या डेऱ्यात घातलंत तर दूधविनायकाला घरी पोचेतो पोटातल्या दुधाचं लोणी निघेल. जावई ओजस म्हणाला, बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी कॅब बघतो. फार अदबीने म्हणाला. अदबच लागली.

संध्याकाळी.

कपिलेला लाडू दाखवून आलो. दर संकष्टीचा नेम, सात वर्षांत चुकला नाही. आमच्या गल्लीत समोरून नंदी आला तर माणसाने उंबऱ्यावर चढायचं, गाडीचं नावच नको. म्हणून कपिला राहते विशेश्वरगंजात, साहूजींच्या चण्याच्या गोदामामागच्या पत्र्याखाली. जागा कोरडी, पोत्यांची ऊब. इंजिनाला याहून चांगलं काय हवं?

पूर्वी लाडू बोनेटवर ठेवत असे. पण माकडं टपलेली. डोळे मिटून हात जोडावे तो नैवेद्य पत्र्यावर. म्हणून दसऱ्यापासून बोनेटच्या आत ठेवतो, बॅटरीशेजारी, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. सकाळी पान चाटून-पुसून स्वच्छ. देव घेतो. माकडांच्या काळात असा अनुभव एकदाही आला नव्हता.

थरथर केव्हापासून? दसऱ्यानंतर. कारण अज्ञात.

९ डिसेंबर, मंगळवार.

मापाशिवाय शास्त्र नाही. आज माप शोधलं. डॅशबोर्डवर फुलपात्र, काठोकाठ गंगाजल. इंजिन सुरू करायचं, अथर्वशीर्षाचं एक आवर्तन होईतो चालू ठेवायचं, मग बंद. जेवढं सांडलं तेवढं संध्येच्या पळीने पुन्हा भरायचं. जितक्या पळ्या, तितका कंप.

आवर्तनात माझाही आवाज हलत होता. ‘त्वमेव’ पाच तुकड्यांत बाहेर पडलं. पण माप मिळालं.

कंप: तीन पळ्या. धोतर ओलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

निदान झालं. टायर. फार टणक आहेत, म्हणून अंगाला धक्के बसतात. चारही चाकांतली हवा निम्मी सोडली. कबीरचौऱ्यापर्यंत गेलो. गाडी बदकासारखी चालली. मागून एका ई-रिक्षावाल्याने ओरडून विचारलं, का गुरू, चारों पंक्चर? लोकांना दुसऱ्याच्या प्रयोगाबद्दल आदर नाही.

घरी सीतेला सांगितलं. ती मटार सोलत होती. वर न बघता म्हणाली, अहो, गाडी उभी असताना पण थरथरते ना? मग चाकांचा काय संबंध?

जेवून जाऊन हवा भरून आलो.

कंप: तीन पळ्या.

१६ डिसेंबर, मंगळवार.

इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही. कपिलेचं तोंड दक्षिणेला! सात वर्षं ती यमाकडे बघत उभी आहे, थरथरेल नाही तर काय करेल?

साहूजींचे दोन पल्लेदार (एरवी पोती वाहतात) बोलावले. तिघांनी मिळून, म्हणजे दोघांनी ढकलून आणि मी सांगून, गाडी पूर्वेला फिरवली. मागचा दिवा भिंतीला किंचित लागला. तो लाल होता, आता कमी लाल आहे.

कंप: चार पळ्या. दिशेचा गुण यायला वेळ लागतो. औषधही पहिल्या दिवशी उष्ण पडतं.

२० डिसेंबर, शनिवार.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. इंजिन म्हणे रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. गादी दबली की इंजिन थरथरतं. एवढं सोपं! माझी तर चटई दबली की कंबर थरथरते. माझं संध्येचं लोकरी आसन नेलं, घड्या घातल्या आणि इंजिनाभोवती जिथे फट दिसेल तिथे कोंबलं. फार मायेने कोंबलं, आजाऱ्याला उशा लावाव्या तसं.

सुरू केलं. कंप चक्क कमी! अर्धं अथर्वशीर्ष शांतपणे झालं. मग होमाचा वास आला. मला वाटलं मंत्राचा प्रभाव. साहूजी बादली घेऊन पळत आले तेव्हा खुलासा झाला.

कंप मोजता आला नाही. फुलपात्रात बादलीचं पाणी गेलं. उद्यापासून संध्या चटईवर.

२४ डिसेंबर, बुधवार.

पांडेपूरला लल्लन मिस्त्रीकडे गेलो होतो. दाखवायला नव्हे. सहज, थंडीत विचारपूस करायला. गाडी सोबत होती, म्हणून त्याने बोनेट उघडलं.

म्हणाला, गुरूजी, एक सिलिंडर सुतल हौ. म्हणजे झोपलंय. प्लगची तार कुठल्याशा उंदराने कुरतडलीय, ठिणगी पोचत नाही, मग बाकीची सिलिंडरं ओढतात आणि हे लोळतं, म्हणून गाडी हलते. नवी तार घातली. वर दोन सूचना: गाडी चण्याच्या गोदामात ठेवू नका, आणि बोनेटखाली खाण्याचं काही ठेवू नका. मी म्हटलं, खाण्याचं नव्हे, नैवेद्य असतो. तो म्हणाला, चुहवा के का पता?

संध्याकाळी साहूजींना स्पष्टच विचारलं, तुमच्या गोदामात उंदीर आहेत? म्हणाले, हमरे इहाँ? एक्को नाहीं! मग उंदरांचा प्रश्न मिटला.

कंप: अर्धी पळी.

लल्लनला वाटतं तारेने झालं. बिचारा. गाडी पूर्वेला फिरवून आज आठवा दिवस आहे, हे त्याला कुठे ठाऊक?

१ जानेवारी, गुरुवार.

कंप: अर्धी पळी. सलग आठ दिवस.

ओजसला कळवलं, कॅब रद्द कर. त्याने अंगठा पाठवला. मग रुचीचा फोन. बाबा, नक्की ना? आई म्हणत होती, दिवाळीत तुमच्या गाडीतून उतरल्यावर तिला अर्धा तास सगळं दोन-दोन दिसत होतं. मी म्हटलं, आता या, फुलपात्र हलत नाही. ती म्हणाली, कुठलं फुलपात्र? शास्त्रीय गोष्टी फोनवर होत नाहीत.

नववर्षाचा संकल्प: या यशाबद्दल गर्व करायचा नाही.

४ जानेवारी, रविवार.

सीतेने बोरनहाणासाठी काळी कुंची शिवलीय. महिनाभर शिवत होती, चष्मा बदलून. आत मऊ कापूस, पाठीवर चांदण्या. काठाला जर लावायची म्हणून मला चौकाजवळच्या जरीवाल्याकडे पाठवलं. काम झकास झालं. येताना गाडीत मागच्या सीटवर ठेवली. धुक्यात पिशवी सांभाळत गल्ल्या तुडवण्यापेक्षा उद्या-परवा नेईन.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी.

अंगारकी आणि कपिलेची प्रकृती सुधारलेली. योग पाहा. एरवी एक लाडू, आज एकवीस. सीतेने तिळाचे केले होते. मला वाटतं देवघरासाठी केले होते. देव एकच.

पूर्ण पान भरून इंजिनावर मांडले. चंद्र काही दिसला नाही, दाट धुकं. पंचांगात आहे, म्हणजे उगवला.

७ जानेवारी, बुधवार.

अंगावर काटा आला. एकवीसच्या एकवीस लाडू गेले. पानसुद्धा गेलं! आजवर देवाने पान कधी घेतलं नव्हतं.

बॅटरीच्या कडेला मात्र काळे तीळ सांडलेले दिसले, ओंजळभर. लाडवांत सीता पांढरे तीळ घालते, पण काही काळे असतील. देवाने पांढरे घेतले, काळे प्रसाद म्हणून ठेवले. दोन दाणे कपाळाला लावले, बाकी रुमालात बांधून खिशात ठेवले.

कंप: पाच पळ्या.

याची संगती लागत नाही. देव प्रसन्न, कंप मात्र वाढला.

आणखी एक. मागच्या सीटवर कुंची नाही. सीटखाली नाही, डिकीत नाही. कदाचित घरीच नेली असेन आणि विसरलो असेन. घरीही नाही.

८ जानेवारी, गुरुवार.

रात्रभर विचार करून संगती लागली. देवाने पानही खाल्लं, याचा अर्थ पोट भरलं नव्हतं. नैवेद्य कमी पडतोय. आजपासून रोज.

कंप: पाच पळ्या.

११ जानेवारी, रविवार.

सीतेने विचारलं, कुंची कुठाय? मी म्हटलं, जरीवाल्याकडे, इस्त्री चाललीय. ती म्हणाली, आठ दिवस इस्त्री? मी म्हटलं, थंडीत इस्त्री लवकर तापत नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतःला एक धड खोटं बोलता येत नाही.

आजचा नैवेद्य: गूळपोळी, एक. साहूजी म्हणाले, पंडितजी, गाड़ी को इतना तो हमारे घर की बहू को नहीं खिलाते.

कंप: साडेपाच.

१५ जानेवारी, गुरुवार.

संक्रांत झाली. तिळगूळ कपिलेलाही दिला. गोड बोल म्हटलं. सुरू केल्यावर ती खोकली.

बोरनहाणाचे चुरमुरे आणि बत्तासे घेऊन ठेवले. घरी सादळतात, म्हणून डिकीत ठेवले.

कंप: सहा पळ्या. काळा धूर. मैदागिनच्या चढावर, जो चढ आहे हे आजवर मला माहीत नव्हतं, गाडी दम लागून उभी राहिली. श्वासच कोंडल्यासारखी. एक सांड बाजूने पुढे गेला. वळून बघून गेला.

१८ जानेवारी, रविवार.

डिकीतली चुरमुऱ्यांची पिशवी अर्धी झाली. वाळून आकसले असणार.

सीतेने आज निकाल दिला. गुरुवारी गणेशजयंती. म्हणाली, त्या दिवशी मी तुमच्या कपिलेत बसते. बडा गणेशापर्यंत जाऊ, दर्शन घेऊ, परत येऊ. माझ्या हातातल्या ताटातलं कुंकू सांडलं नाही तर शुक्रवारी ईशानी तुमच्या गाडीतून येईल. सांडलं तर मी स्वतः ओजसला फोन करून कॅब सांगते. आणि हो, येताना जरीवाल्याकडून कुंची घेऊ.

मी म्हटलं, चालेल.

दोन्ही अटींसाठी चार दिवस.

२१ जानेवारी, बुधवार.

कंप: आठ पळ्या. फुलपात्रात एवढंच मावतं.

उद्याची तयारी: १) गाडी पुसली. २) कुंकू किंचित ओलं करून ताटाला चिकटवायचं, म्हणजे सांडणार नाही. ३) सीट रिकामी दिसू नये म्हणून मागे शाल पसरली. ४) जरीवाल्याचं दुकान उद्या बंद असेल असं आताच म्हणून ठेवलं. ५) गणपतीवर विश्वास.

ईशानीचा फोटो आला. दोन दात. सीता बघत बसली होती. म्हणाली, माझी कुंची छान दिसेल हो हिला. मी गच्चीवर गेलो.

२२ जानेवारी, गुरुवार. गणेशजयंती. सकाळी सात.

मन अत्यंत प्रसन्न. आज सगळं सुरळीत होणार. आतून वाटतंय.

दुपारी दोन.

बोललेलं बरं, म्हणून लिहितो.

सीता मांडीवर ताट घेऊन ऐटीत बसली. मी किल्ली फिरवली. कपिला एकदा शिंकली, दोनदा घुमली आणि अशी हादरली की ओलं कुंकू चिकटूनच राहिलं, पण ताटच सीतेच्या मांडीवरून उडालं. मग इंजिन गप्प. पत्र्याखालून एक चाकही बाहेर पडलं नव्हतं. सीतेने कपाळाचं कुंकू चाचपून पाहिलं, जागेवर आहे ना ते. मग म्हणाली, लल्लनला फोन करा.

लल्लन आला. हवा जिथून आत जाते त्या काळ्या डब्याचं झाकण काढलं आणि हातातला पाना खाली ठेवून त्याने हात जोडले. म्हणाला, गुरूजी, आप तो धर्मशाला चलावत हउवा. ई त गणेशजी क सवारी हौ, अउर सपरिवार हौ.

डब्यात घरटं होतं. केळीचं पान, लाडवाचा भुगा, माझ्या आसनाची लोकर, आणि मधोमध कापूस, काळं कापड, जर. जरीवर पाच गुलाबी पिल्लं, शेंगदाण्याएवढी, डोळे मिटलेली. आई बॅटरीवर बसली होती. आमच्याकडे बघत. पळाली नाही. तिला मी ओळखीचा असणार.

लल्लनने सगळं दाखवलं. नवी तार पुन्हा कुरतडलेली. हवेची वाट घरट्याने बुजलेली. बॅटरीच्या कडेला बोट नेऊन म्हणाला, आणि ही बघा लेंड्यांची रास. मी म्हटलं, ते तीळ आहेत. तो म्हणाला, तीळ? कपाळाला लावल्याचं सांगितलं नाही. खिशातला रुमाल नंतर सावकाश टाकला.

सीता कुंचीकडे बघत होती. चांदण्यांपैकी एक अजून दिसत होती, एका पिल्लाच्या पाठीखाली. 

लल्लन हळूच म्हणाला, पिल्लं उचलून पोत्यांमागे ठेवू, तार बदलू, तासाभरात गाडी तयार. उद्या विमानतळावर जा बेलाशक.

तासाभरात! माझा जीव भांड्यात पडला. मी हात पुढे केलासुद्धा.

सीता म्हणाली, खबरदार. बाळंतीण आहे ती.

म्हटलं, अगं, उंदीर आहे. म्हणाली, म्हणून काय झालं? पुण्यात रुची बाळंत झाली तेव्हा सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं मी. हिला ओल्या अंगाने थंडीत बाहेर काढता? तेही गणेशजयंतीला? तुम्हीच जेवायला बोलावलंत ना तीन महिने? मग आता बाळंतपण करा.

लल्लनकडे पाहिलं. तो झाकण हलक्या हाताने अर्धवट लावत होता, म्हणजे हवा जाईल. म्हणाला, माताजी ठीक कहत हईं.

साहूजी म्हणाले, हमरे इहाँ चूहा? कबहूँ नाहीं देखे.

२३ जानेवारी, शुक्रवार.

ईशानी आली. कॅबने. दोन तास उशिरा, धुक्यामुळे. पुढच्या सीटवर मी बसलो होतो, चालकाला रस्ता सांगायला. त्याला माहीत होता. गाडी इतकी गुळगुळीत चालली की ईशानी बाबतपूरपासून मैदागिनपर्यंत रडली. रुची म्हणाली, हलल्याशिवाय हिला झोपच लागत नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं.

नवी कुंची तयार. सीतेने रात्री बसून शिवली, माझ्या लग्नातल्या काळ्या कोटाच्या अस्तराची. विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

निदानाबद्दल: उंदीर हे कारण असल्याचं लल्लनचं मत मी निःपक्षपातीपणे नोंदवून ठेवतो. माझ्या मते दक्षिणेला तोंड असताना उंदीर आत शिरला. पूर्वेला असती तर शिरला नसता.

कंप: शून्य पळ्या. गाडी सुरू केली नाही.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी.

बोरनहाण झालं. बोरं, बत्तासे, हलव्याचे दागिने. चुरमुरे नवे आणावे लागले. माझ्या कोटाच्या अस्तरात नात फार शोभली.

दुपारी सीतेने डिंकाच्या लाडवाचा तुकडा बांधून दिला. बाळंतिणीला नेऊन द्या, म्हणाली. रुची म्हणाली, बाबा, आम्ही पण येतो, हिला तुमची कपिला तर दाखवू. परत जातानाही कॅबच सांगितलीय तिने. कपिलेतल्या बाळंतिणीचा सव्वा महिना फेब्रुवारीअखेर संपतो, तोवर या मायलेकी पुण्यात असतील.

ईशानीला मांडीवर घेऊन स्टिअरिंगपुढे बसलो. किल्ली खिशात. ती माझ्याकडे बघत राहिली. शब्द दिला होता ना मी, फोनवर. म्हणून तोंडाने घुर्र केलं आणि दोन्ही गुडघे हलवले. हसली. थांबलो की माझी मिशी ओढायची. पुन्हा घुर्र. कबीरचौरा, लहुराबीर, पांडेपूर, बाबतपूर, सगळीकडे फिरवून आणली. येताना, पांडेपूरच्या अलीकडे, झोपली. रुचीने खूण केली, बाबा, थांबू नका.

पाऊण तास गुडघे हलवत होतो.

कंप: दोन पळ्या. इंजिन बंद.